साडूभाऊ आणि दहावाला रोहन

इंटरनेटवर आज जेवढा म्हणून राग साठलेला आहे त्यातला निम्मा सोलापुरातून, यंत्रमागांच्या वस्तीला लागून असलेल्या एका घराच्या पुढच्या खोलीतून जातो, असं माझं ठाम मत आहे. उरलेला निम्मा बाकीच्या जगाने आपसांत वाटून घ्यावा. ती खोली आमच्या साडूभाऊंची. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरतात, गुडघ्यांविषयी बोलतात, भजनी मंडळात टाळ धरतात. साडूभाऊंनी कॉम्प्युटर धरला. खरं म्हणजे कॉम्प्युटरही नव्हे, कॉम्प्युटरविषयी जगात कोण काय लिहितं ते वाचायला धरलं. लोक सकाळी वर्तमानपत्र उघडतात तसे ते कॉम्प्युटरविषयक ब्लॉग आणि वेबसाइटी उघडतात, आणि पहिला चहा निवायच्या आत दोनतीन देशांतल्या माणसांवर चिडून मोकळे झालेले असतात.

त्यांच्या चिडण्याची एक शिस्त आहे. पहिला राग दारातच येतो. वेबसाइट उघडल्याबरोबर 'आम्हाला तुमच्या खाजगीपणाची कदर आहे' अशी पाटी आली की आपण सगळे काय करतो, हो म्हणतो आणि पुढे जातो. साडूभाऊ ती पाटी वाचतात. संपूर्ण वाचतात. तिच्या पोटातली दुसरी पाटी उघडून तीही वाचतात, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून अक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, सांगतात की हा माणूस आपली कदर करतो म्हणतोय आणि आपली माहिती सातशे जणांना वाटतोय. अक्का म्हणते, वाटू दे, आपल्याकडे काय माहिती आहे. दुसरा राग न विचारता सुरू होणाऱ्या व्हिडिओंवर. घरात सत्यनारायण होता, गुरुजी नुकते कथेला बसले होते, आणि आतल्या खोलीत उघडा राहिलेला लॅपटॉप एकदम एका तरुणाच्या आवाजात सगळ्या मित्रांचं स्वागत करून चॅनल सबस्क्राइब करायला सांगू लागला. गुरुजी थांबले. साडूभाऊ सोवळ्यात उठले, आत गेले, आणि त्या तरुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा पाटावर येऊन बसले. कथा पुढे सुरू झाली, पण प्रसाद घेताना लोक सबस्क्राइब म्हणजे काय हेच एकमेकांना विचारत होते.

मूळचे ते सोलापूरजवळच्या मंद्रूप गावचे. शाळेत मुलांसमोर बोलायची त्यांची मराठी अगदी धुवून इस्त्री केलेली. पण राग चढायला लागला की इस्त्री मोडत जाते आणि आतलं मंद्रूप बाहेर येतं. 'आहे'चं 'हाय' झालं की समजायचं, आता खुर्ची मागे घ्यावी. वेबसाइट पारखायची त्यांची कसोटीही मंद्रूपच्या बाजारातली. शेळी विकत घेणारा माणूस आधी तिचे दात बघतो, मग भाव विचारतो. कॉम्प्युटरविषयी लिहिणाऱ्याने दात बघितलेत की नाही, एवढंच साडूभाऊ बघतात. ज्याने वस्तूत एकही खोट काढली नाही त्याने वस्तू हातात घेतलेली नाही, हा त्यांचा नियम. आणि जो लेख 'दहा सर्वोत्तम' या शब्दांनी सुरू होतो त्याच्या लेखकाला ते माणसांत धरत नाहीत. 'दहा सर्वोत्तम लॅपटॉप, दहा सर्वोत्तम माउस, दहा सर्वोत्तम अमुक. अहो साडू, एवढं सर्वोत्तम जगात असतं तर आपण असे असतो का?' असं ते मला विचारतात आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात.

या कसोटीतून पार झालेल्या वेबसाइटींचं एक पान त्यांनी स्वतः तयार करून इंटरनेटवर ठेवलं आहे. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, चित्र नाही, जाहिरात नाही, वरती फक्त 'वाचण्याजोगे'. शाळेच्या प्रश्नपत्रिकेशिवाय एवढं कोरडं पान मी पाहिलेलं नाही. त्या पानावरच्या लेखकांना त्यांनी नावं ठेवली आहेत आणि त्यांच्याविषयी ते नातेवाइकांसारखे बोलतात. कुठल्याशा बर्फाच्या देशात एक गृहस्थ आहेत, ते कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्यांविषयीच लिहितात. पंखा, दुसरा पंखा, तिसरा पंखा. ते आमचे पंखेवाले. एक बाई फक्त कीबोर्डविषयी लिहितात, त्या कळवाल्या बाई. एक म्हातारबाबा जगाने फेकून दिलेली मशिनं उघडून दुरुस्त करतात आणि प्रत्येक स्क्रूचा फोटो टाकतात, ते भंगारकाका. पंखेवाल्यांनी एकदा लिहिलं की कॉम्प्युटरचा पंखा वर्षातून एकदा साफ केला की पुरतो. साडूभाऊंनी त्यांना खरमरीत इंग्रजीत कळवलं की आमच्या गल्लीत दिवसभर माग चालतात, हवेत कापसाचा भुरा उडत असतो, आणि महिन्याभरात पंख्याला दाढी येते. सोबत दाढीचा फोटो. पंखेवाल्यांनी उत्तर दिलं, आभार मानले आणि लेखात एक ओळ वाढवली. तेव्हापासून दोघांचं अगदी घरगुती आहे. पंखेवाल्यांच्या मांजरीचं ऑपरेशन झालं तेव्हा साडूभाऊ दोन दिवस अस्वस्थ होते.

कुणी सल्ला मागायला आलं की मात्र पंचाईत. 'कोणता लॅपटॉप घेऊ?' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर कुणालाही दिलेलं नाही. ते 'वाचण्याजोगे' उघडून देतात आणि समोर बसून वाचून घेतात. मंद्रूपहून त्यांचे चुलतभाऊ आले होते, मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवा होता. 'आबा, येखादा बरा सांग की,' एवढंच त्या बापड्यांचं मागणं. साडूभाऊंनी त्यांना कळवाल्या बाईंपासून सुरुवात करून दिली. भाऊंनी थोडा वेळ पडद्याकडे बघितलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, 'आरं, मला वाचायचा न्हाय, घ्यायचा हाय.' यावर साडूभाऊ इतके चिडले की भाऊ जेवायलाही थांबले नाहीत. वाटेत एका दुकानात शिरून त्यांनी निळ्या रंगाचा घेतला. तो अजून उत्तम चालतो, हे साडूभाऊंना कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक वार्षिक राग म्हणजे खंडेनवमीचा. सोलापुरात त्या दिवशी मागांची पूजा होते, गाड्यांची होते, वजनकाट्यांची होते, आणि अलीकडे कॉम्प्युटरचीही होते. पहिल्या वर्षी अक्काने भक्तिभावाने ओल्या बोटाने पंख्याच्या जाळीवरच हळदकुंकू लावलं आणि वरून सढळ हाताने अक्षता टाकल्या. मशीन सुरू केलं तेव्हा आत पोह्यांची गिरणी चालल्यासारखा आवाज आला. पूजा बंद करायची म्हटलं तर अक्का ऐकणाऱ्यातली नव्हे. शेवटी घरात तह झाला. जाळीवर जुन्या चादरीचा चौकोनी तुकडा ठेवायचा, कुंकू त्या तुकड्यावर, अक्षता फक्त माउसला, आणि पूजा उतरवताना तुकडा झटकायचा नाही, चारी टोकं धरून पुरचुंडी करून उचलायचा. जगातल्या कुठल्याच वेबसाइटवर ही रीत नाही. साडूभाऊंनी ती पंखेवाल्यांनाही कळवलेली नाही, कारण ज्यांच्याकडे कुंकू नाही त्यांना कुठून सुरुवात करून सांगायचं.

आता रोहनकडे येतो. पुण्यातून चालणारी एक मराठी वेबसाइट आहे, मोबाइल आणि कॉम्प्युटरविषयी. साडूभाऊ तिला दहावाले म्हणतात, कारण तिथे दहाच्या खाली कुणी काही मोजत नाही. तिथले जवळजवळ सगळे लेख रोहन नावाच्या माणसाचे. या रोहनवर साडूभाऊंचा जो राग होता तो बाकीच्या सगळ्या रागांचा राजा. रोहनचा लेख आला की खाली साडूभाऊंचं पत्र आलंच, आणि तेही शाळेत शिकवलेल्या नमुन्याप्रमाणे. 'श्री. रोहन यांस, स. न. वि. वि. आपण ज्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर चालते असे लिहिले आहे तो आपण कधी पाहिला आहे काय? पाहिला असल्यास कोठे? कळावे, लोभ असावा.' लोभाच्या वरच्या ओळीत मात्र रोहनला निर्लज्ज, कामचोर आणि मराठी भाषेवरचा डाग म्हटलेलं असे. मी आपला गंमत बघत होतो. खोटं कशाला सांगू, मधूनमधून एखादा चांगला शब्दही पुरवत होतो.

ही गंमत एका दुपारी पुण्यात संपली. साडूभाऊंची एकुलती एक मुलगी मनू पुण्यात नोकरी करते. नोकरी काय, तर 'कंटेंटमध्ये' आहे, एवढंच घरात ठाऊक होतं. मी एका लग्नासाठी गेलो होतो, तिने मला कॉफी प्यायला नेलं, आणि कपात बघत म्हणाली, 'काका, तो रोहन मी आहे.' मला आधी हसूच आलं. मग तिचं तोंड बघून थांबलो. रोहन असा कुणी नव्हताच. ऑफिसात जे कुणी लिहील ते रोहनच्या नावावर जायचं, आणि गेली दोन वर्षं लिहिणारी ही एकटीच होती. वडिलांची पत्रं ऑफिसात मोठ्याने वाचली जायची. 'सोलापूरचे आजोबा आले' म्हणून सगळे गोळा व्हायचे आणि हसायचे. मनूही हसायची, कारण न हसून सांगणार काय? आणि आता आजोबांनी थेट मालकाला लिहिलं होतं, कोणकोणत्या लेखांत कोणकोणती माहिती धडधडीत खोटी आहे ते पुराव्यासकट, आणि शेवटी मागणी केली होती की या रोहनला कामावरून काढावं. मालक विचारात पडला होता. 'मी सांगू का बाबांना?' मी विचारलं. ती म्हणाली, 'नको. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण बाबांना कळलं की तो मीच, तर ते माझ्याशी कसं बोलतील? आत्ताही जेवलीस का एवढंच विचारतात.'

त्यानंतर मी साडूभाऊंना आवरायचे पुष्कळ प्रयत्न केले. म्हटलं, जाऊ द्या, पोरगा असेल कुणीतरी, पोटासाठी करत असेल. साडूभाऊ म्हणाले, पोटासाठी भाजी विकावी, भाजीवाला निदान वांगं उलटं करून दाखवतो.

खंडेनवमीला आम्ही सगळे साडूभाऊंकडे होतो. मनू आदल्या संध्याकाळी आली होती. अक्का तबक तयार करत होती, मनू झेंडूच्या माळा ओवत होती, माझी बायको पुरण बघत होती, आणि साडूभाऊ पूजेआधी शेवटचं म्हणून दहावाले उघडून बसले होते. रोहनचा नवा लेख होता. 'कॉम्प्युटरची पूजा करताना घ्यायच्या दहा काळज्या.' मी मनूकडे बघितलं. तिने सुई थांबवली होती. साडूभाऊंनी शर्टाच्या बाह्या सावरल्या आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या काही काळज्यांना ते नेहमीसारखे फुत्कारले. मग आवाज हळू झाला. मग त्यांनी एक परिच्छेद पुन्हा वाचला. जाळीवर जाड सुती कापडाचा तुकडा ठेवावा, कुंकू त्या तुकड्यावर लावावं, अक्षता फक्त माउसला वाहाव्या, तुकडा झटकू नये, चारी टोकं धरून पुरचुंडी करून उचलावा, नाहीतर सगळं पंख्यात जातं.

साडूभाऊ खुर्चीत मागे टेकले. इतक्या वर्षांत रोहनविषयी त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान बघितलं. 'साडू,' ते म्हणाले, 'माणूस सुधारला. याने स्वतः करून बघितलंय.' आणि ते आनंदाने पत्र लिहायला सरसावले. तेवढ्यात अक्का तबक घेऊन आली आणि सहज म्हणाली, 'अहो, पण हे तर आपल्या घरातलं आहे.'

साडूभाऊंनी पडद्याकडे बघितलं, मग चादरीच्या तुकड्याकडे, मग मनूकडे. 'तू ओळखतेस याला?' मनूने मान खाली घातली. 'तू सांगितलंस त्याला हे? कोण आहे हा रोहन?' यावर अक्काच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. तिने तबक टेबलावर ठेवलं, पदर सारखा केला आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, 'कुठले आहेत ग ते?' माझ्या बायकोने पुरणाचा गॅस बंद केला आणि तीही येऊन उभी राहिली. मुलगी तिशीला आलेली, दोघींनी मनातल्या मनात मंडपसुद्धा घातला असावा.

'रोहन कुणी नाही, आई,' मनू म्हणाली. 'रोहन मीच आहे.'

अक्का खुर्चीत बसली. साडूभाऊ उभे राहिले. मला वाटलं आता मंद्रूप जागं होणार आणि गल्ली गोळा होणार. पण ते अगदी हळू बोलले, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. 'ते सगळे लॅपटॉप. येकबी हातात घेतला न्हाईस?'

'नाही घेतला,' मनू म्हणाली. आणि मग माळ बाजूला ठेवून ती जी चिडली, ती चिडताना मी तिच्यात पहिल्यांदा तिचा बाप बघितला. रोज तीन लेख मागतात, कुठून आणू लॅपटॉप, कोण देतो हातात घ्यायला, कंपनीने पाठवलेला कागद शब्द फिरवून लिहायचा असतो, सगळीकडे असंच चालतं, मला काय हौस आहे का, असं ती श्वास न घेता बोलत गेली. 'तुमची पत्रं अख्खं ऑफिस वाचतं आणि हसतं. मी पण हसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसते. आणि बाबा, त्या पंखेवाल्याच्या मांजरीला किती टाके पडले ते तुम्हाला माहीत आहे. मी दिवसभर काय करते ते तुम्ही एकदा तरी विचारलंत का?'

साडूभाऊ आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्या वर्षी कॉम्प्युटरची पूजा अक्काने एकटीने केली, अगदी रीतीने, पुरचुंडी बांधून. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला माणसं आली, गेली. साडूभाऊ सगळ्यांना नमस्कार करत होते आणि कुणावरही चिडत नव्हते. एकाने तर लॅपटॉप कोणता घेऊ असंही विचारलं. ते म्हणाले, 'बघा तुम्हाला आवडेल तो.' मी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, डॉक्टरला बोलवून ठेव.

मनूला मी स्टेशनवर सोडायला निघालो तेव्हा साडूभाऊ चपला घालून आमच्याबरोबर निघाले. फलाटावर गाडी लागलेली होती. मनू डब्यात चढली, खिडकीशी बसली. साडूभाऊ खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले आणि फलाटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, 'पुढचा लेख छापायच्या आधी मला पाठव.'

'तुम्ही शिव्या द्याल.'

'देईन की.'

गाडी हलली तेव्हा मनूने गजावरचा त्यांचा हात थोपटला, एवढंच मी बघितलं.

मालकाने तिला काढलं नाही, आणि आता ती रोज पाठवते. दहावाल्यांचं दहाचं वेड सुटलेलं नाही, पण तिच्या लेखांत अलीकडे खाली एक ओळ असते, 'यातले अमुक यंत्र आम्ही हातात घेतलेले नाही.' मालक ती ओळ काढतो, ही परत घालते, तो पुन्हा काढतो, आणि तो काढतो तेव्हा बापलेक मिळून मालकावर चिडतात. मधूनमधून ती कुठूनतरी एखादं यंत्र उसनं आणते आणि खरोखर उघडून बघते. त्या दिवशी तर फोनवर जुंपलेली असते.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडूभाऊ फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. 'आगं बॅटरी आट तास चालली म्हंजे काय करत चालली? नुसती उघडून ठिवली व्हतीस का काम केलंस?' पलीकडून मनूही तेवढ्याच वरच्या पट्टीत काहीतरी ऐकवत होती. अक्काने मला खुणेनेच चहा विचारला. मी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, पेपर वाचला, तरी फोन चालूच. शेवटी मी हाताने येतो म्हणून सांगितलं, त्यांनी हातानेच बरं म्हटलं, आणि मी निघालो.

घरी आलो तेव्हा बायको शेजारी गेलेली होती. मी बंगळुरूला मुलाला फोन लावला. मोठ्या कंपनीत आहे, कॉम्प्युटरमध्येच आहे, फार गुणी मुलगा. दर रविवारी न चुकता फोन करतो. त्या दिवशी रविवार नव्हता, म्हणून त्याने आधी विचारलं, सगळं ठीक ना बाबा. म्हटलं, ठीक. मग मी त्याला सांगितलं की मी अलीकडे लॅपटॉप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो, त्याने तो थंड राहतो आणि जास्त टिकतो, साडूभाऊंनी कुठल्याशा वेबसाइटवर वाचलंय. आणि तो कधी चिडतो याची वाट बघत थांबलो.

'हो बाबा,' तो म्हणाला, 'बरोबर आहे तुमचं.'